एमाहॉय, तुमानी, तिग्रान, कायहान: आधी कोणाला ऐकावं?

मी कीबोर्ड वाजवते. काही दिवस स्टुडिओत, काही दिवस गायकांच्या साथीला. सव्वा वर्षापूर्वी एका रेकॉर्डिंगमध्ये दोन ओळींमधली जागा भरली, टेक ऐकला आणि चमकले. हाच तुकडा मी आदल्या आठवड्यात दुसऱ्या गाण्यात, दुसऱ्या पट्टीत वाजवला होता. त्याआधीही कुठेतरी वाजवला असणार. मी विचार करायच्या आत हात तिथे पोचत होते.

त्या दिवसापासून मी ठरवून मला अनोळखी असलेले कलाकार ऐकायला लागले. एका वेळी एकच, निदान महिनाभर. त्यातले चार मनात घर करून राहिले: इथिओपियाच्या पियानोवादक एमाहॉय त्सेगे-मरियम गेब्रू, मालीचे कोरावादक तुमानी दियाबाते, आर्मेनियाचे पियानोवादक तिग्रान हमास्यान आणि इराणचे कमानचेवादक कायहान कलहोर. जगाला हे चौघे केव्हाच माहीत होते, माझ्यापर्यंत उशिरा पोचले. आता ओळखीचे वादक विचारतात, "महिना एकच आहे, तर कोणाला ऐकू?" आनंद चौघांकडूनही मिळतो, त्यामुळे त्यावरून निवड होत नाही. महिनाभर ऐकल्यावर हात काय वेगळं करायला लागतात, एवढंच मी बघितलं.

तिग्रान आणि एमाहॉय दोघांचंही वाद्य पियानो, म्हणून आधी त्यांनाच समोरासमोर ठेवते. काळाशी दोघांचं नातं अगदी उलट आहे.

तिग्रान यांचा जन्म १९८७ चा, ग्युमरीचा. अमेरिकन जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या नावाची जॅझ पियानो स्पर्धा त्यांनी २००६ मध्ये जिंकली. त्यांच्या संगीतात आर्मेनियन लोकधून, जॅझ आणि जड मेटलचा ठोका एकाच वेळी नांदतात, आणि सगळ्यात जास्त पकडतो तो हिशोब. सोळा मात्रांचा तीनताल चालू आहे आणि वर पाच मात्रांचा एक तुकडा न थांबता फिरतोय असं समजा. तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सुरू झाला, तर पुन्हा समेवर येईल ८० मात्रांनी, म्हणजे पाच आवर्तनांनंतर. मधल्या चार समा त्याच्या पोटातून निसटून जातात. तिग्रान अशा जातीची गणितं करतात, वर तोंडाने बोलही म्हणतात, आणि हे सगळं ऐकू येतं ते मात्र गाणं म्हणून. त्यांचा 'मॉकरूट' (२०१५) हा अल्बम ऐका. आपल्याकडे तिहाईत, म्हणजे तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्यात हिशोब सुटतो, इथे तो मुक्कामालाच येऊन राहतो.

एमाहॉय यांच्याकडे मोजायलाच काही नाही. डावा हात वॉल्ट्झसारखं काहीतरी धरतो, उजवा त्याच्या जरा मागे, जरा पुढे, वाक्य संपलं की थांबतो, मग श्वास घेऊन पुढचं बोलतो. क्लिकवर, म्हणजे स्टुडिओत कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टकटकीवर ठेवायला गेलात तर दुसऱ्याच मात्रेला घसरेल. ही अडाणी सैलता नाही. जन्म १९२३, आदिस अबाबा. लहानपणी स्वित्झर्लंडमधल्या शाळेत व्हायोलिन शिकल्या, पुढे कैरोत अलेक्झांडर कोंटोरोविच यांच्याकडे पाश्चात्त्य संगीताची तालीम घेतली, आणि मग विशीत संन्यास घेऊन डोंगरावरच्या मठात सुमारे दहा वर्षं अनवाणी राहिल्या. पहिली रेकॉर्ड १९६७ ची, जर्मनीत निघालेली. बाहेरच्या जगाने कान दिला तो २००६ मध्ये, इथिओपियन संगीताच्या 'एथिओपिक्स' या रेकॉर्ड-मालिकेचा २१ वा खंड निघाला तेव्हा. २०२३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी त्या जेरुसलेममध्ये गेल्या.

हिंदुस्थानी कानाला त्यांच्याकडे आणखी एक नवल भेटतं. इथिओपियातल्या 'तिझिता' या स्वररचनेचा एक प्रकार म्हणजे सा रे ग प ध, सरळ भूप रागाचे सूर. दुसऱ्या एकीचे, 'अंबासेल'चे, सा, कोमल रे, म, प, कोमल ध: गुणकली रागाचे. पण चलन, म्हणजे सुरांची ये-जा, ना भूपाची ना गुणकलीची. गंधारावर न्यास होईल म्हणून कान वाट बघतो आणि त्या भलतीकडेच विसावतात. सूर तेच असताना केवळ वळणांनी घर बदलतं, हे मी गुरूंकडून शंभरदा ऐकलं होतं. खरं पटलं ते इथे.

महिनाअखेर काय झालं? तिग्रानच्या महिन्यात माझा रियाज वाढला, रोज टाळी देऊन पाचाचे आणि साताचे तुकडे म्हणत होते. पण तिसऱ्या आठवड्यात एका संथ गाण्याच्या साथीत पाचाचा तुकडा घातला आणि गायिकेची सम चुकली. गाणं तिचं होतं, मी तिच्या पायाखालची जमीन हलवली. मला ते फार लागलं. तिग्रान यांची उसनी घेतलेली गोष्ट लगेच ओळखू येते, ती पचायला महिना पुरत नाही. एमाहॉय यांच्याकडून उचलण्यासारखा एकही तुकडा नाही, तरी त्या महिन्यानंतर एका दिग्दर्शकाने आपणहून विचारलं, "आज कमी वाजवलंस का?" सूर मोजले तर तेवढेच होते. वाक्यांच्या मध्ये मी थांबायला लागले होते, बस.

तुमानी दियाबाते यांच्यावर मी तीन महिने घालवले, त्यामुळे त्यांच्याबद्दल जास्त लिहिणार.

कोरा म्हणजे मोठा अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं चामडं, लांब दांडा आणि २१ तारा: ११ डाव्या हाताला, १० उजव्या. वाजवायला फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, बाकीची बोटं मुठींना धरून असतात. अंगठे खालच्या सुरांत एक चक्र चालू ठेवतात, त्याला 'कुंबेंगो' म्हणतात. वरून तर्जन्या झरझर उतरणाऱ्या ताना घेतात, ते 'बिरिमिंतिंगो'. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे तीच धून पुन्हा पुन्हा, धरतात ना, तसं. फरक एवढा, की इथे लेहरा धरणारा आणि त्यावर बढत करणारा एकच माणूस आहे. मी लेहरा खूप धरलाय. एकाच वेळी दोन्ही बाजूंना बसणं काय असतं, हे ऐकताना अंगावर काटा येतो.

तुमानी १९६५ मध्ये मालीच्या राजधानीत, बामाकोत, पिढ्यान्‌पिढ्या कोरा वाजवणाऱ्या घराण्यात जन्मले आणि २०२४ मध्ये गेले. सुरुवात 'कैरा'पासून करा (१९८८). एकटा कोरा आहे, वरून काही चढवलेलं नाही, तरी पहिल्यांदा ऐकताना तीन वादक आहेत असं वाटतं. मग 'द मांदे व्हेरिएशन्स' (२००८), तिथेही ते एकटेच, पण वीस वर्षांनी मुरलेले. या दोन्हींमधला फरक कुठल्याही वादकाने आवर्जून ऐकावा. पहिल्यात जागा भरण्याचा उत्साह आहे, दुसऱ्यात तार वाजून विरेपर्यंत वाट बघायची तयारी आहे. साथीदारांसाठी मात्र तिसरं जास्त मोलाचं: गिटारवादक अली फार्का तुरे यांच्याबरोबरचं 'इन द हार्ट ऑफ द मून' (२००५). बामाकोतल्या एका हॉटेलात, जवळजवळ तालमीशिवाय रेकॉर्ड केलेलं. अली एक साधा फेरा धरतात आणि तुमानी त्यांच्या अंगावर एकदाही जात नाहीत.

मी केलेला प्रयोग सांगते, वाटलं तर करून बघा. कीबोर्डवर दोन्ही हातांचे फक्त अंगठे आणि तर्जन्या वापरायच्या. डाव्याने चार-पाच सुरांचं चक्र, उजव्याने वरून उतरती वाक्यं. एका वेळी चारच सूर शक्य असल्याने कॉर्डचे ठोकळे पडतच नाहीत. ज्या तुकड्याचा मला कंटाळा आला होता, तो या चार बोटांत बसेना. सुटला. पहिले आठ-दहा दिवस डावा हात उजव्याच्या मागे धावतो, हे धरून चला.

कायहान कलहोर यांच्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांचं वाद्य माझ्या हातात उतरत नाही. कमानचे उभं धरून गजाने वाजवतात. तार बदलायला गज फिरवत नाहीत, वाद्यच खालच्या टोकावर वळवतात. इराणी संगीतात काही सूर शुद्ध आणि कोमलच्या मधे पडतात. शिवाय त्यांचा एकेक सूर गजावर फुलतो, झिरपतो. कीबोर्डवाल्याने त्याचं काय करायचं? मान झुकवायची. पण तुम्ही गाता, सारंगी किंवा व्हायोलिन वाजवता, तर वरचे तिघे बाजूला ठेवा आणि यांच्यापासूनच सुरुवात करा. सतारवादक शुजात हुसेन खान यांच्याबरोबरच्या त्यांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण 'द रेन' (२००३) आपल्या कानाला सगळ्यात जवळचं आहे. एक धोका मात्र आहे: फार जवळचं वाटतं, म्हणून सुखावून तिथेच थांबायला होतं.

तर निवड अशी. दिवसभर क्लिकवर वाजवून हात लाकडासारखे झाले असतील, तर एमाहॉय. काहीच लिहून काढू नका, नुसतं ऐका आणि वाजवताना वाक्यं मोजा. एकट्याने साथ करायची वेळ येते, बास नाही, तालवाद्य नाही, तर तुमानी, आणि तिथे महिना पुरेल अशी अपेक्षा नको. लय कच्ची आहे म्हणून तिग्रान ऐकायला जाऊ नका. कच्च्या लयीवर त्यांचं संगीत चक्कर आणतं. लय पक्की असून शिळी वाटते, त्यांच्यासाठी ते आहेत. तरीही त्यांची दुसरी बाजू सगळ्यांनी ऐकावी: २०१५ मध्येच येरेवानच्या राज्य चेंबर गायकवृंदाबरोबर केलेलं 'लुइस इ लुसो', आर्मेनियन धर्मसंगीतावरचं. तिथे तोच माणूस गायकवृंदाच्या मागे इतका शांत बसतो, की ती साथ ऐकून मी त्या चुकलेल्या समेचा विचार पुन्हा केला.

तुमानी की कायहान, असं अडलात, तर दोघांचं एकत्र ध्वनिमुद्रण २०२३ मध्ये आलंय: 'द स्काय इज द सेम कलर एव्हरीव्हेअर'. सध्या माझ्या कानात तेच चालू आहे. छेडलेली तार आणि घासलेली तार, एक विझत जाणारा सूर आणि एक धरून ठेवलेला. तुमानींचा सूर विझायला लागतो तिथेच कायहान गज टेकवतात. ती जागा मी रोज दोन-तीनदा मागे नेऊन ऐकते.