घोट्यातली प्लेट: राहू द्यावी की काढावी?

आमच्याकडे पायात काहीही घातलं तरी लोक त्याला 'रॉड'च म्हणतात. माझ्या उजव्या घोट्यात रॉड नव्हता. बाहेरच्या बाजूला एक पातळ प्लेट, तिच्यात सहा स्क्रू आणि आतल्या घोट्याला दोन लांब स्क्रू होते. अमळनेर-धुळे रस्त्यावर मोटारसायकल घसरली, त्याची ही कमाई. हाड जुळलं, काठी सुटली, आणि मग अशा प्रत्येकाला पडतो तो प्रश्न मलाही पडला: आता हे आतच राहू द्यायचं, की काढून मोकळं व्हायचं?

मी दीड वर्षानं काढलं. धुळ्याच्या माझ्या साडूंचा घोटाही साधारण त्याच सुमारास मोडला होता, त्यांनी ठेवलं. दोघांच्याही डॉक्टरांचं म्हणणं एकच होतं: त्रास नसेल तर हात लावू नका.

साडूंची बाजू आधी सांगतो, कारण कागदावर तीच भारी आहे. आजच्या प्लेटा स्टेनलेस स्टीलच्या नाहीतर टायटॅनियमच्या असतात. गंजत नाहीत, अंगात विष पसरवत नाहीत. ते सगळं पारावरचं ज्ञान. साडूंच्या घोट्यात पायाची दोन हाडं एकत्र धरणारा एक आडवा स्क्रूही होता. तो चालता चालता आतच तुटला. एक्स-रेत दोन तुकडे स्वच्छ दिसतात, यांना पत्ता नाही! या स्क्रूचं असं बऱ्याचदा होतं म्हणे. नेदरलँड्समध्ये असा स्क्रू असलेल्या १९७ जणांवर अभ्यास झाला. काहींचा ठरवून काढला, काहींचा त्रास झाला तरच. वर्षभरानंतर चालण्याफिरण्यात दुसरे कुठेही मागे नव्हते. साडू तर म्हणतात, "जाईल माझ्याबरोबर. सावडायला येशील तेव्हा वेचून घे." त्यांची नोकरी खुर्चीतली, जेवण टेबलावर. त्यांना घोट्याची आठवण फक्त विमानतळावर मशीन वाजलं तर येईल, आणि विमानात ते अजून बसलेले नाहीत.

काढण्याच्या बाजूला धोके आहेत, ते लपवत नाही. पुन्हा चिरा, पुन्हा कमरेतलं इंजेक्शन. घोट्यावर मांस नाही, नुसती कातडी, त्यामुळे जखम भरायला कुरकुरते. नेदरलँड्समधलाच २०१७ चा दुसरा एक अभ्यास आहे, गुडघ्याखालच्या प्लेटा-स्क्रू काढलेल्या पाचशे रुग्णांचा. आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलेल्यांपैकी १३.२ टक्के लोकांच्या जखमेत संसर्ग झाला, न दिलेल्यांपैकी १४.९ टक्के. 'छोटंसंच ऑपरेशन' म्हणतात त्याचा हा आकडा! शिवाय पावलाच्या वरच्या बाजूला संवेदना देणारी एक नस चिऱ्याच्या जवळून जाते, ती दुखावली तर तेवढा भाग बधिर होतो. आणि स्क्रू निघाले की हाडाला भोकं राहतात. ती भरेपर्यंत त्या जागी हाड पुन्हा मोडू शकतं.

एवढं सगळं माहीत असून मी का काढलं? मांडीमुळे.

उभं असताना, चालताना, मोटारसायकलवर मला काहीही होत नव्हतं. पण दर गुरुवारी आमचं भजन असतं आणि मी पखवाजावर असतो. तीन तास सतरंजीवर मांडी. मांडी घातली की बाहेरचा घोटा सरळ फरशीवर टेकतो, हे ज्याच्या घोट्यात काही नाही त्याच्या लक्षातही येत नाही. माझ्या प्लेटीचा खालून दुसरा स्क्रू किंचित वर होता. कातडीवरून बोट फिरवलं की हरभऱ्याच्या डाळीएवढा उंचवटा लागायचा. बरोबर तोच फरशीवर. पहिल्या अभंगाला काही नाही, तिसऱ्याला टोचायचं, आरतीपर्यंत त्या जागी लाल चट्टा आणि माझं सगळं लक्ष तालाऐवजी घोट्यात. आईनं तोडगा काढला: डोक्यावर हंडा घ्यायची जुनी चुंबळ दिली. तिच्या मधल्या भोकात घोटा अधांतरी राहायचा. भजनापुरतं चाललं. पण लग्नाच्या पंगतीत चुंबळ कुठे काढणार? थंडीत शेतावर भरीत-पुरीचा बेत झाला तेव्हा सगळे बांधावर मांडी घालून बसले आणि मी पाय लांब करून, ताट मांडीवर घेऊन. शेजारचे काका येता-जाता विचारायचे, "तुना पाय कसा शे आते?" काय सांगणार? पाय बरा, बसणं वाईट.

म्हणून काढली. दिवाळीनंतर, मुद्दाम. आमच्याकडच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, पट्टीखाली घाम घेऊन बसायची माझी तयारी नव्हती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका स्क्रूचं डोकं पेचकसाखाली घासलं गेलं आणि त्यातच बराच वेळ गेला. लॉकिंग प्रकारात, त्यातही टायटॅनियममध्ये, स्क्रूचे आटे प्लेटीच्या आट्यांना असे धरून बसतात की सुटता सुटत नाहीत. शिवाय डोकी सगळी सारखी नसतात, कुणाचं षटकोनी, कुणाचं चांदणीसारखं. मी पहिल्या ऑपरेशनच्या फाइलमधलं प्लेटीचं स्टिकर जपून ठेवलं नव्हतं, डॉक्टरांना एक्स-रे बघून अंदाजानं हत्यारं मागवावी लागली. तेवढं स्टिकर तरी जपा. आतले दोन स्क्रू त्रास देत नव्हते, ते तसेच ठेवले. टाके पंधराव्या दिवशी निघाले, पण एका कोपऱ्यातून आठवडाभर पाणी येत राहिलं. आणि चिऱ्याच्या पुढे रुपयाएवढी जागा आजही बधिर आहे. दुसऱ्या दिवसापासून चाललो मात्र. धावणं, उड्या आणि पोती उचलणं डॉक्टरांनी तीन महिने बंद ठेवलं.

आणि मांडी? अडीच महिन्यांनी पहिल्यांदा तीन तास बसलो. घोटा फरशीवर टेकला, टेकलेलाच राहिला.

यावरून सगळ्यांनी काढावी असं म्हणणार नाही. दुखतं ते प्लेटीमुळेच, हे आधी नीट तपासा. अमेरिकेत २००१ साली घोट्याच्या १२६ रुग्णांचा आढावा छापून आला. ३१ टक्के लोकांना प्लेटीच्या जागी दुखत होतं, पण ज्या २२ जणांनी काढून घेतली त्यांतल्या ११ जणांनाच बरं वाटलं. निम्मेच. उरलेल्यांचं दुखणं बहुधा सांध्यातलं असावं, असा माझा आपला अंदाज. सकाळी पाऊल टाकताना आखडणं, संध्याकाळी सूज, सांध्याच्या आत खोल ठणका, हे प्लेट काढून जाईल याची मला खात्री वाटत नाही. माझं तसं नव्हतं. एका बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा होती, आणि ती टेकली तरच दुखायची. असं असेल तर माझं मत काढण्याकडे झुकतं. साखर वाढलेली असेल, तंबाखू-विडी सुटत नसेल, हाडं ठिसूळ झाली असतील, तर चुंबळ बरी. आणि वर्षाच्या आत तर विषयच काढू नका, हाड पक्कं होऊ द्या.

साडूंचा मुद्दा मला अजूनही पटतो. ते मागच्या महिन्यात आमच्याकडे आले होते. जेवायला पाट मांडले तर म्हणाले, "मला आपली खुर्ची द्या."