कॉक्लियर इम्प्लांट आणि घरातल्या खुणा : 14 महिन्यांनंतर

माझ्या मुलीचे कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले यंत्र, सुरू होऊन 14 महिने झाले. ती साडेचार वर्षांची आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्र तिच्या ऐकण्याशी जुळवून घेण्यासाठी, एसटीने नागपूरला जातो. शस्त्रक्रियेनंतर एका थेरपी केंद्रात आम्हाला बजावण्यात आले की घरात हातांनी करता त्या खुणा बंद करा, नाहीतर मूल बोलायचा कंटाळा करील. आम्ही पाच महिने ते निमूटपणे पाळले.

यंत्राविषयी माझी तक्रार नाही. मागून हाक मारली की ती वळते, ‘आजी’, ‘दे’, ‘नको’ म्हणते आणि टिनावर पाऊस वाजू लागला की सर्वांआधी तीच वर बोट दाखवते. मात्र आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या हजारो केशपेशींचे काम येथे, कंपनीनुसार, साधारण 12 ते 22 इलेक्ट्रोडांवर (विजेचे संकेत देणाऱ्या बारीक टोकांवर) भागवलेले असते. त्यामुळे तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत समोरच्याचे बोलणे तिला वेगळे काढता येत नाही. शिवाय आंघोळीला आणि झोपताना प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा बाहेर लावायचा भाग, काढावा लागतो, उन्हाळ्यात घामाने दमट झाला की ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावा लागतो, आणि रात्रभर वीज नसली तर सकाळी बॅटरी रिकामीच असते.

वेचणीच्या दिवसांत एकदा प्रोसेसर कॉइलसकट (डोक्याला चुंबकाने चिकटणाऱ्या चकतीसकट) निसटून कापसाच्या ढिगात पडला आणि पांढुरका असल्याने सापडेपर्यंत सांज झाली. मुलगी सारखी रडत होती. यंत्र हरवले म्हणून रडते असे आम्ही धरून चाललो. तिला तहान लागली होती. पाण्याची खूण तिला पूर्वी येत होती, ती आम्हीच मोडली होती.

त्या रात्रीपासून खुणा परत आल्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या कोशात 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीत 10,000 शब्द होते. त्यांच्या चित्रफिती आम्ही मोबाइलवर पाहतो. सर्वांत लवकर शिकल्या त्या माझ्या सासूबाई. ही भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी नव्हे, तिचे व्याकरण निराळे आहे आणि ‘कुठे’, ‘कोण’ असे प्रश्नशब्द तिच्यात वाक्याच्या शेवटी येतात, हे मलाही तेव्हाच कळले. बोलणे मागे पडेल ही भीती निदान आमच्या घरी खरी ठरली नाही. ती पाण्याची खूण करते आणि त्याच वेळी तोंडाने ‘पानी’ म्हणते.

येत्या जूनमध्ये तिला अंगणवाडीतून शाळेत घालायचे आहे. कर्णबधिर मुलांना त्यांना सर्वाधिक योग्य अशा भाषेत आणि संवादमाध्यमात शिक्षण मिळावे, असे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो. त्याची प्रत मी मुख्याध्यापकांसाठी काढून ठेवली आहे.

जागेपणी जास्तीत जास्त वेळ यंत्र लावावे हा सल्ला योग्यच आहे आणि आम्ही तो पाळतो. तरी आंघोळीनंतर मी तिला आधी खुणेने विचारते. सकाळी ती बहुधा ‘आण’ म्हणते. मे महिन्यातल्या दुपारी ‘नको’ म्हणाली, तर तासभर आम्ही हातांनीच बोलतो.