ला स्काला की कॉर्नवॉल, ट्रायोड की पुश-पुल: घरच्या हॉर्नसाठी एक आढावा

हॉर्न स्पीकर म्हटलं की आपल्याकडे मांडवावर बांधलेला कर्णा आठवतो आणि घरातली माणसं आधीच नको म्हणतात. ती पायरी ज्यांनी ओलांडली आहे, एखादी जोडी ऐकून ज्यांना त्या मोकळ्या, समोर बसून गायल्यासारख्या आवाजाची गोडी लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली खोली अकरा बाय चौदा फुटांची. तिथे मी क्लिप्श या अमेरिकी कंपनीचे ला स्काला आणि कॉर्नवॉल हे दोन्ही हॉर्न स्पीकर ऐकले आहेत, आणि दोन्ही जातींचे व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प्लिफायर वापरले आहेत: 300बीचा सिंगल-एंडेड ट्रायोड, ज्यात एकच व्हॉल्व्ह सगळा भार उचलतो, व ईएल84चा पुश-पुल, ज्यात दोन व्हॉल्व्ह काम वाटून घेतात. ऐकणं मुख्यतः ख्याल, त्याखालोखाल नाट्यसंगीत आणि जुनी सिनेमाची गाणी. तुमची आवड वेगळी असेल तर माझं झुकतं माप तेवढं वजा करून वाचा.

क्लिप्शहॉर्नचा, म्हणजे क्लिप्शच्या मूळ, कोपऱ्यात ठेवायच्या स्पीकरचा विचार मी पहिल्याच संध्याकाळी सोडला. पॉल क्लिप्श यांनी 1946 साली अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी कंपनी काढली ती याच स्पीकरवर. त्याचा बासचा हॉर्न घडी घालून पेटीत बसवलेला असतो आणि खोलीच्या दोन भिंती मिळून त्या हॉर्नचं तोंड पुरं करतात. म्हणजे दोन मोकळे, घट्ट कोपरे हवेत. आमच्या एका कोपऱ्यात गॅलरीचं सरकतं दार आहे, दुसऱ्यात देवघर. बहुतेक फ्लॅटांत थोड्याफार फरकाने हेच असतं. 

मग राहिले कोपरा न मागणारे. हेरसी या क्लिप्शच्याच लहान स्पीकरच्या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी पाखंड. कोपऱ्याशिवायचा स्पीकर म्हणजे क्लिप्श यांच्याच तत्त्वाविरुद्धचं पाखंड, असं त्यांच्या एका सहकाऱ्याने म्हटलं आणि 1957 मध्ये तेच नाव पक्कं झालं. लहान खोलीला तो पुरेसा आहे, पण आकाराने लहान पेटी खर्जातही लहानच राहते. मला तंबोरा पुरा हवा होता, म्हणून हेरसी बाजूला पडला.

ला स्काला 1963चा. आर्कान्साच्या गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिलेल्या विंथ्रॉप रॉकफेलर यांच्या निवडणूक प्रचारात भाषणं लांबवर पोचावीत म्हणून तो बनवला गेला, आणि माणसाचा आवाज हे त्याचं बळ आजही जाणवतं. वरपासून खालपर्यंत तिन्ही भाग हॉर्नचे. मित्राच्या घराचं काम चालू होतं तेव्हा त्याची जोडी तीन महिने माझ्याकडे होती. तबल्याची थाप इतकी तडक, इतकी विनासायास येते की पहिले दोन दिवस मी दुसरं काही लावलंच नाही. तो पन्नास हर्ट्झच्या आसपास खाली थांबतो, पण डग्ग्याची घुमार त्याच्या वरच असते, त्यामुळे मैफलीच्या ध्वनिमुद्रणात उणीव वाटत नाही. सिनेमाच्या गाण्यातला बास गिटार मात्र हात आखडता घेतो. माझी खरी अडचण अंतराची होती. तीन हॉर्न एकजीव ऐकू यायला बसण्याची जागा लांब लागते. अकरा फुटांच्या खोलीत मी कुठेही बसलो तरी गवयाचा आवाज एका उंचीवर आणि त्याच्या श्वासाची धार जरा वेगळ्या उंचीवर, असं काहीसं होत राहिलं. मोठ्या हॉलमध्ये हे होणार नाही असं मला वाटतं. मित्राच्या घरी आता तेच स्पीकर आहेत आणि तिथे ते फार सुंदर वाजतात.

कॉर्नवॉल 1959चा. कोपऱ्यात ठेवा किंवा भिंतीशी, म्हणून कॉर्नर आणि वॉल मिळून नाव. मधले आणि वरचे स्वर हॉर्नमधून, खर्ज साध्या पंधरा इंची कोनमधून, म्हणजे नेहमीच्या स्पीकरमधल्या शंकूच्या आकाराच्या पडद्यातून. कट्टर मंडळी याला अर्धा हॉर्न म्हणतात, आणि तबल्याच्या थापेत ला स्कालाची ती उसळी इथे नाही हे मी कबूल करतो. पण हा खाली जास्त उतरतो, नऊ फुटांवर बसलं तरी जमून येतो, आणि दोन माणसं तो उचलू शकतात. दीड-दोन तासांच्या ऐकण्यानंतर मी कोणत्या स्पीकरसमोरून उठायला नाखूश असतो, असं स्वतःला विचारलं तर उत्तर कॉर्नवॉल येतं. 

आता ॲम्प्लिफायर. इथे जास्त थांबतो, कारण हॉर्न घेणारे बहुतेक जण इथे वॅटचा हिशेब करतात आणि तो हिशेब चुकीच्या टोकाने होतो. चांगला पाच वॅटचा ॲम्प्लिफायर हीच देशाची गरज आहे, असं पॉल क्लिप्श यांच्या नावावर सांगितलं जातं. कॉर्नवॉलची संवेदनशीलता कंपनी 102 डेसिबल सांगते, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर एवढा आवाज. घरात आपण ज्या बेताने ख्याल ऐकतो त्याला सरासरी एका वॅटचा पन्नासावा भाग पुरतो. तेव्हा 300बीचे आठ वॅट पुरतील का हा प्रश्नच नाही. काहीच वाजत नसताना ॲम्प्लिफायर स्वतः काय बोलतो, हा प्रश्न आहे. साध्या 87 डेसिबलच्या स्पीकरवर जो दोष कधी कानावर येत नाही, तो हॉर्न पंधरा डेसिबलने मोठा करून समोर ठेवतो.

300बी हा व्हॉल्व्ह वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1938 मध्ये आणला, आणि सिंगल-एंडेड रचनेत त्यातून जेमतेम आठ वॅट निघतात. एका कारागिराकडून मी तो बांधून घेतला होता. स्त्रीकंठ त्याच्यावर जसा येतो तसा मी दुसऱ्या कशावर ऐकलेला नाही. स्वर लावताना आधी येणारा श्वास, मग आकाराचं उमलणं, किशोरीताई आमोणकरांच्या आलापात दोन स्वरांमधली जागा; तिथे हा ॲम्प्लिफायर हात जोडायला लावतो. हे लिहिताना मला त्याची आठवण येते आहे.

पण रात्री साडेदहानंतर, रस्ता शांत झाला, पंखा बंद केला की हमिंग ऐकू यायचं. बारीकच. या व्हॉल्व्हच्या आतली तार थेट तापते आणि तीच कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग असते, म्हणून विजेची घरघर सरळ संगीताच्या वाटेत शिरते. मागे एक लहान पॉट, म्हणजे फिरवायचं बटण असतो, तो फिरवून 50 हर्ट्झची घरघर जवळजवळ मारता येते. उरते ती दुप्पट, 100 हर्ट्झची. मल्टिमीटरवर दोन मिलिव्होल्टही धड दिसत नव्हते. कुणीही म्हणेल की एवढं चालतं.

ते चाललं नाही, आणि त्याचं कारण तंबोरा. पुरुष गवयाचा तंबोरा काळी एकला (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावला असेल तर जोडाच्या तारा साधारण 139 हर्ट्झवर, आणि पंचमाची तार 104वर. काळी चारला गाणाऱ्या बाईंचा तंबोरा घेतला तर त्यांच्या खर्जाची तार नेमकी त्याच 104वर. माझं हमिंग शंभरवर. म्हणजे ज्या तारेवर सगळा डोलारा उभा, तिच्या शेजारी एक पाचवी तार, जराशी उतरलेली, सतत वाजत राहिलेली. आलापाच्या सुरुवातीला तंबोरा एकटा असतो तेव्हा दोघांत सेकंदाला चारेक लाटा उठायच्या. गवई गाऊ लागला की त्या दिसेनाशा होत, आणि सम येऊन गाणं थांबलं की पुन्हा तिथेच. एकदा कानाने ते पकडलं आणि मग मी गाणं ऐकण्याआधी तीच तार शोधू लागलो. 

उपाय केले. व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेला एसीऐवजी डीसी वीज दिली, हमिंग जवळजवळ गेलं, पण मला आवाजातला ओलावा थोडा कमी वाटला. हे माझ्या मनाचे खेळ असू शकतात. सोबत ऐकणाऱ्या पत्नीला फरक जाणवला नाही. ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहिला, अर्थिंग तपासलं, वायरी वेगळ्या केल्या. शिवाय आमच्याकडे रात्री व्होल्टेज वर चढतं आणि 300बीच्या पाच व्होल्टच्या तारेला ते मानवत नाही, म्हणून स्टॅबिलायझर आला. ऐकण्यापेक्षा देखभाल जास्त होऊ लागली.

ईएल84च्या पुश-पुलमध्ये तार आणि कॅथोड वेगळे असतात, आणि पुरवठ्यातली उरलीसुरली घरघर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये परस्परांना छेद देऊन बरीचशी विरते. मिळतात दहा-बारा वॅट. पहिल्या रात्री मी काहीच न लावता दहा मिनिटं खुर्चीत बसलो होतो. कॉर्नवॉलच्या कोनला कान टेकवला तेव्हा किंचित काही ऐकू आलं, खुर्चीत काही नाही. मग तंबोरा लावला. पंचम सरळ, स्थिर, जवारीसकट. स्त्रीकंठातली ती 300बीची जवळीक नव्वद टक्के आहे असं म्हणतो, आणि खर्ज उलट जास्त आवरलेला; ट्रायोडवर कॉर्नवॉलचा मोठा कोन थोडा सैल सुटायचा. ला स्कालाच्या बासच्या हॉर्नला तो सैलपणा फारसा बाधला नव्हता, हे त्या बाजूने सांगायला हवं. 

ज्यांना व्हॉल्व्ह बदलणं, तापणं यात रस नाही, त्यांनी नेल्सन पास या अमेरिकी डिझायनरच्या फर्स्ट वॉट कंपनीच्या जातीचा क्लास ए, म्हणजे सतत वीज घेऊन तापत राहणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर ऐकावा. माझ्या ऐकण्यात तो सगळ्यांत शांत होता. मे महिन्यात मात्र त्याच्याजवळ बसवत नाही. स्वस्त क्लास डी, म्हणजे कमी वीज खाणारा ॲम्प्लिफायर घेताना वरच्या हॉर्नमधून येणारी सळसळ आधी तपासा. काहींत ती अजिबात नसते, काहींत आलापभर सोबत करते.

तेव्हा खोली पंधरा फुटांहून लांब असेल, तबला-पखवाज जीव की प्राण असेल, तर ला स्काला ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नका. दिवसा ऐकत असाल, किंवा ऐकण्यात गझल आणि भावगीतं जास्त असतील, तर ट्रायोडचं ते हमिंग तुम्हाला कदाचित कधीच भेटणार नाही, आणि मग 300बी घेण्यात मला काही वावगं दिसत नाही. दुकानात मात्र रात्री जा, एसी बंद करायला सांगा, आणि नुसत्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण सोबत न्या, काळी एक आणि काळी चार दोन्ही.

माझा 300बी आता मेहुण्याकडे आहे. त्याचे स्पीकर साधे, 88 डेसिबलचे. परवा त्याच्याकडे रात्री बसलो होतो, काळी चारचा तंबोरा लावून मी मुद्दाम ती पाचवी तार शोधली. सापडली नाही.