डस्ट कलेक्टर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या खंडेनवमीला पटाश्या, रंधे आणि प्लाय कापायच्या पॅनल सॉच्या शेजारी आम्ही एका नव्या मशीनला हळदकुंकू वाहिलं. 3 एचपी, थ्री फेज, वर दोन कापडी आणि खाली दोन प्लास्टिकच्या पिशव्या असलेला डस्ट कलेक्टर, म्हणजे कापताना उडणारा भुसा नळीने ओढून पिशव्यांत भरणारं मशीन. आता आषाढ लागलाय. रोज चार-पाच तास चालवून झाल्यावर हे लिहितोय, कारण घेण्याआधी कुणी मला एवढं सविस्तर सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

पुण्यात धायरीत माझं 1,100 चौरस फुटांचं शेड आहे. मी, दोन कारागीर आणि एक हेल्पर. किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, सगळं ऑर्डरप्रमाणे. मशीन घेतलं ते झाडलोट कमी व्हावी म्हणून. ती झालीच. संध्याकाळी दोघांची 40 मिनिटं जायची, आता एकाची 10 जातात. पण खरा फायदा कळायला सहा आठवडे लागले, आणि तो मापात निघाला.

पॅनल सॉच्या फेन्सला, म्हणजे कापताना प्लाय टेकवायच्या सरळ पट्टीला, भुशाची बारीक वळी चिकटून बसायची. 600 मिमीची कड फेन्सला टेकवून 720 मिमीचा कट मारताना एका टोकाला 1 मिमी भुसा दबला, तर कट 1.2 मिमीने तिरका जातो. कपाटाच्या एका बॉक्सला ते जाणवत नाही. सलग पाच बॉक्स भिंतीला लावले की शटरमधली, म्हणजे दारांमधली, फट वर 2 मिमी आणि खाली 4 मिमी दिसायला लागते, आणि आपण साइटवर बिजागरीचे स्क्रू पिळत बसतो. कितीतरी वर्षं मी याचा दोष प्लायला दिला, भिंतीला दिला. आता फेन्स स्वच्छ राहते आणि कर्णाची दोन्ही मापं पहिल्याच फटक्यात जुळतात.

एज बँडचंही, म्हणजे प्लायच्या कडेला चिकटवायच्या पट्टीचंही, तेच. कडेवर भुसा असला की हॉट मेल्ट गोंद प्लायला धरत नाही, भुशाला धरतो. पट्टी लावताना घट्ट बसल्यासारखी वाटते आणि सिंकखालच्या शटरची दोन महिन्यांत उघडते. पूर्वी एका किचनमागे पाच-सहा कडा पुन्हा कराव्या लागायच्या. पाडव्यानंतर दिलेल्या चार किचनमध्ये मिळून दोनच झाल्या.

आमचे थोरले मिस्त्री, तात्या, सनमायका चिकटवण्याआधी प्लायवरून नेहमी तळहात फिरवतात. वाळूएवढा कण आत राहिला तरी ग्लॉसी शीटवर खिडकीच्या उजेडात पुटकुळी दिसते आणि अख्खं शटर बाद होतं. दिवाळीनंतर एकदा हात फिरवता फिरवता ते म्हणाले, “आता हाताला काही लागत नाही, शेठ.” माझ्यासाठी मशीनचे पैसे त्या दिवशी वसूल झाले.

आता चुका. विक्रेत्याने सोबत 4 इंची लवचीक नळी दिली होती, 25 फूट. ती तशीच जमिनीवरून ओढून पॅनल सॉला जोडली आणि अर्धा भुसा टेबलाखालीच पडत राहिला. मशीनमध्ये दोष आहे असं वाटून महिना गेला. दोष नळीत होता: आतल्या वळ्यांवर हवा अडखळते आणि ओढ मरते. मग भिंतीवरून सरळ, आतून गुळगुळीत पीव्हीसी पाइप नेला आणि लवचीक नळी फक्त शेवटच्या 4-5 फुटांना ठेवली. काटकोनी एल्बो काढून तिथे 45 अंशांचे दोन-दोन लावले. 6 मिमी प्लायच्या सरकत्या पट्ट्या करून प्रत्येक मशीनला गेट बसवलं, एका वेळी एकच उघडायचं. त्यानंतर ओढ अशी आली की टेबलावरचा कटलिस्टचा कागद नळीत गेला. पीव्हीसीला स्थिर वीज साठून झटके बसतात, म्हणून पाइपावर उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थ केली. हे टाळू नका.

मशीनच्या आधी 200 लिटरचा ड्रम बसवला, म्हणजे जाड चिप्स त्यातच पडतात आणि पिशव्या उशिरा भरतात. पहिला ड्रम पातळ प्लास्टिकचा होता. सगळी गेट बंद असताना मशीन चालू झालं आणि ड्रम आत चेपून फुटला. आता जाड पत्र्याचा आहे. त्याच्या झाकणाला फोमची पट्टी लावलीय, कारण तिथून हवा शिरली की ओढ निम्मी होते.

झाडलेला कचरा यात कधीच ओढू देऊ नका. एक स्क्रू पंख्यावर आपटला तरी ठिणगी उडू शकते, आणि पुढे पिशवीत कोरडा भुसा भरलेला असतो. पिशव्या आम्ही रोज शेड बंद करायच्या आधी रिकाम्या करतो.

तक्रारही आहे. तिसऱ्या महिन्यात कापडी पिशवीची शिवण उसवली आणि बदली पिशवी यायला पाच आठवडे लागले. तोवर घरच्या शिलाई मशीनवर शिवून भागवलं. पावसाळ्यात कापड दमट होतं, भुसा आतून थापला जातो, दर दोन दिवसांनी झटकावं लागतं. आणि एमडीएफची (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या बोर्डाची) पीठासारखी धूळ कापडातून गाळून बाहेर येतेच. पत्र्यातल्या पारदर्शक शीटमधून चारच्या सुमाराला ऊन तिरपं येतं, तेव्हा ती हवेत तरंगताना दिसते. लाकडाची धूळ माणसात कॅन्सर करते, नाकाचा आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 1995 मध्येच नोंदवलंय. तात्यांचं नाक तीस वर्षं त्यातच आहे. त्यामुळे एमडीएफ कापताना आणि सँडर चालवताना एन 95 मास्क सक्तीचा. कापडाऐवजी घडीचा कार्ट्रिज फिल्टर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे घालून तोच घ्या, मी न घेतल्याचा पश्चात्ताप होतोय.

विजेचं म्हणाल तर पूर्ण भारावर तासाला साधारण अडीच युनिट. आवाज मोठा आहे, फोन ऐकू येत नाही. दोन मशीन एकदम चालवणार असाल तर 3 एचपी पुरणार नाही.

भुशाचं काय करायचं, हे सगळे विचारतात. शेजारच्या आजी पाणी तापवायच्या बंबासाठी पोतं मागायच्या आणि आम्ही वर्षानुवर्षं देत आलो. प्लाय-एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो घरात जाळायचा नसतो, हे कळल्यावर मी स्वतः जाऊन त्यांना सांगून आलो. आता सागाचं काम असेल त्या दिवशी ड्रम आणि पिशव्या आधी रिकाम्या करतो आणि तेवढंच एक पोतं त्यांच्यासाठी बाजूला ठेवतो.