सांगलीच्या विश्रामबागेतला संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास : माल तपासणाऱ्यांनी जरूर लावावा

मी कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. ब्लोहोल, कोल्ड शट, मिसरन, श्रिंकेज हे ओतकामातल्या दोषांचे शब्द आमच्याकडे हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतात. वायू अडकून भोक राहिलं की ब्लोहोल, धातूचे दोन प्रवाह थंड पडून एकजीव झाले नाहीत की कोल्ड शट. अडचण येते ती बाहेरच्या माणसाला मेल लिहिताना. तिथे जे काही बिघडलेलं असेल त्याला 'डिफेक्टिव्ह' लिहून सगळे मोकळे होतात. म्हणून मी हा क्लास लावला.

दोष आणि बिघाड सांगण्याच्या इंग्रजीला मॅडम इथे जेवढा वेळ देतात तेवढा मी दुसऱ्या कुठल्याच क्लासमध्ये पाहिलेला नाही. त्यांनी टेबलावर घरातल्या वस्तू मांडल्या होत्या. टवका उडालेला कप, तडा गेलेली बशी, पोचा आलेला स्टीलचा डबा, धागे सुटलेली इस्त्रीची वायर, पावसात वाकलेली फळी. एकेक हातात घ्यायची आणि तिचाच शब्द वापरून वाक्य करायचं : चिप्ड, क्रॅक्ड, डेंटेड, फ्रेड, वॉर्प्ड. समोरच्याने डोळे मिटलेले असायचे आणि ऐकून वस्तूची अवस्था त्याने सांगायची. त्याला सांगता आली नाही तर वाक्य पुन्हा.

खरा कस लागला तो पुढच्या भागात. डॅमेज्ड म्हणजे वस्तू आधी चांगली होती, नंतर तिला काहीतरी झालं. ट्रकमध्ये आपटली, पाणी लागलं. डिफेक्टिव्ह म्हणजे ती बनतानाच चुकली. फॉल्टी हा शब्द स्विच, वायरिंग, मोटर अशा चालणाऱ्या गोष्टींना जास्त शोभतो, आणि फ्लॉड हा बहुतेक वेळा योजनेला किंवा युक्तिवादाला. आमच्या धंद्यात पहिल्या दोन शब्दांतला फरक थेट पैशाचा आहे. डॅमेज्ड लिहिलं तर चौकशी ट्रान्सपोर्टकडे जाते, डिफेक्टिव्ह लिहिलं तर डेबिट नोट आमच्या नावावर पडते. मॅडमनी याला जोडून 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही दाखवला. त्यात वस्तूतल्या दोषाला डिफेक्ट आणि सेवेतल्या उणिवेला डेफिशिअन्सी असे वेगळे शब्द आहेत. ऑडिटमध्ये आपण ज्याला 'एनसी निघाली' म्हणतो ती नॉनकन्फॉर्मिटी आणि डिफेक्ट हेही एक नव्हे. आयएसओ 9000 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे ठरलेली कुठलीही अट पूर्ण झाली नाही की नॉनकन्फॉर्मिटी होते. तिचा संबंध वस्तूच्या वापराशी असेल तरच तो डिफेक्ट. या शब्दाला कायदेशीर वजन आहे, ही सूचना त्याच मानकात आहे. माझ्या मते नुसत्या या एका तासासाठी फी द्यायला हरकत नाही.

बॅचमध्ये तासगावकडची एक मुलगी होती, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये काम करणारी. तिच्यासाठी मॅडमनी निर्यातीच्या प्रतवारीची भाषा घेतली. क्लास वनच्या घडांना आकारात आणि रंगात किरकोळ दोष चालतात, उन्हाचा अगदी हलका चट्टाही चालतो, पण तो सालीपुरताच असावा लागतो. 'स्लाइट', 'व्हेरी स्लाइट' आणि 'सुपरफिशियल' या तीन शब्दांवर माल कुठल्या वर्गात बसणार हे ठरतं. मला द्राक्षातलं काही कळत नाही, तरी तो तास मी मन लावून ऐकला, कारण आमच्या ड्रॉइंगवरच्या शेऱ्यांची भाषाही अशीच असते.

हलक्या कामाला शॉडी का म्हणतात हेही तिथेच समजलं. जुन्या लोकरी चिंध्या पिंजून केलेलं हलकं कापड म्हणजे शॉडी, त्यावरून हलक्या कामालाही तोच शब्द. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात यॉर्कशरमध्ये त्याचा धंदा वाढला, आणि आजही पानिपतला शॉडी सूत निघतं.

आता उणिवा. छापील नोट्स फार कमकुवत आहेत. वर्गात एवढा बारकाईने फरक शिकवायचा आणि नोट्समध्ये मात्र दहा शब्दांपुढे 'सदोष, खराब' एवढाच अर्थ द्यायचा, हे पटत नाही. घरी उजळणी करणाऱ्याचा सगळा आधार तोच असतो. मॅडमनी प्रत्येक शब्दापुढे एक वस्तू आणि एक वाक्य छापावं. लेखनाचा सरावही वाढवायला हवा. बोलणं सुधारतं, मेल मात्र दोनतीनच लिहून घेतात. आणि संध्याकाळी सातची वेळ सेकंड शिफ्टवाल्यांना जमत नाही. रविवारी सकाळची बॅच निघाली तर आमच्या लाइनवरची मुलं नक्की येतील.

फी महिन्याला 1200 रुपये आहे, पार्किंगला जागा आहे. पहिला तास फुकट बसू देतात. जाताना आपल्या कामातला एखादा रिजेक्शन रिपोर्ट सोबत न्या, मॅडम तो तिथेच वाचून एकेक शब्द तपासून देतात.