थायरॉईडमुळे पुढे आलेले डोळे: हर्टेलची मोजणी की डिजिटल आराखडा?

थायरॉईडच्या आजारात डोळ्यामागची चरबी आणि स्नायू सुजतात, डोळा पुढे येतो. आजार साधारण 6 महिने शांत राहिला की खोबणीच्या भिंतींचं हाड काढून जागा करतात. किती आणि कुठलं काढायचं, यावर दोन पद्धती आहेत.

जुन्या पद्धतीत हर्टेलच्या मापकाने डोळा किती मिमी पुढे आलाय ते मोजायचं, सीटी स्कॅन बघायचा आणि एक भिंत काढली की डोळा ढोबळ 2 मिमी मागे जाईल, असं धरायचं. अनुभवी हातात हे छान चालतं. घोळ होतो तो कानाकडच्या भिंतीत: तिचं खोलवरचं हाड कुणाचं जाड, कुणाचं पातळ, आणि पलीकडे लगेच मेंदूचं आवरण.

डिजिटल पद्धतीत 1 मिमी किंवा त्याहून पातळ कापांच्या सीटीवर हाड, चरबी, स्नायू वेगळे रंगवतात. काढायच्या हाडाचं आकारमान आधीच कळतं. नेव्हिगेशन (शस्त्रक्रियेत जागा दाखवणारी यंत्रणा) जोडलं की उपकरणाचं टोक पडद्यावरच्या स्कॅनवर दिसतं. पण नाकाकडची भिंत कागदासारखी, म्हणून सॉफ्टवेअर तिथे नसलेली भोकं दाखवतं. ती हातानेच बुजवावी लागतात. स्कॅन आणि रुग्णाचं डोकं यांच्या जुळणीत 2 मिमीहून जास्त फरक आला तर ती पुन्हा करा. कडक झालेले स्नायू किती मागे सरकतील, हे मॉडेल नेमकं सांगू शकत नाही. त्यामुळे दुहेरी दिसण्याचा धोका दोन्हीकडे उरतोच.

दोन्ही डोळे सारखे आणि चरबीच जास्त असेल, तर जुनी पद्धत पुरे. असमान डोळे किंवा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया असेल तर डिजिटलचा खर्च सार्थ. दृष्टीच्या नसेवर दाब येऊन रंग फिके दिसू लागले असतील, तर मात्र आराखड्यासाठी उपचार अजिबात लांबवू नयेत.