थायरॉईडचे डॉक्टर: काही महिन्यांच्या उपचारांनंतर

डिग्र्या, अनुभव, वेटिंग याबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. मला लिहायचंय ते टेबलावरच्या बेलबद्दल.

"आणखी काही?" असं विचारतानाच डॉक्टरांचं बोट बेलवर गेलेलं असतं. दार उघडतं, पुढचा पेशंट फाईल घेऊन आत येतो आणि आपण अर्धं वाक्य तोंडात ठेवून उठतो. फी मात्र पूर्ण वाक्याची.

पेशंटला बोलू दिलं तर तो थांबायचाच नाही, असं डॉक्टरांना का वाटतं कोण जाणे. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडतात असं दिसलं होतं. पुढे २००२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका ओपीडीत पेशंटना मध्ये न अडवता बोलू दिलं, तर ते सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिट, बस!

एक स्टार देऊन मोकळा होणार होतो, तेवढ्यात रक्ततपासणीत टीएसएच पुन्हा वाढलेला आला, म्हणजे थायरॉईडचं औषध कमी पडतंय. आता डोस वाढणार हे गृहीतच होतं. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सकाळी उठल्यापासून काय काय घेता, क्रमाने सांगा."

थायरॉईडची गोळी, तिच्याबरोबरच कॅल्शियमची...

"थांबा. एकत्र?"

कॅल्शियममुळे थायरॉईडच्या गोळीतलं थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. चिठ्ठीच्या मागे सकाळ आणि रात्र असे दोन चौकोन काढून दिले, वर मलाच परत सांगायला लावलं. तेवढ्या वेळात बेल एकदाही वाजली नाही. डोस तोच ठेवला, दोनेक महिन्यांनी टीएसएच रेंजमध्ये आला.

आधीचे डॉक्टर फार गोड होते. खांद्यावर हात, घरच्यांची विचारपूस, कोणीही डोळे मिटून पाच स्टार द्यावेत असे. गोळी घेता कशी, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

म्हणून यांना सगळं माफ? नाही. कॅल्शियमचं मी पहिल्याच भेटीत सांगायला लागलो होतो, तेव्हाच बेल वाजली. तेव्हा ऐकून घेतलं असतं तर एक तपासणी आणि एक फी वाचली असती.

तीन स्टार. बेल टेबलावरून हलली की चौथा देतो.